उभीवाली

पंचफुला,

तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठले, माइकपर्यंत गेले आणि परत येऊन सतरंजीवर बसले. बायांना वाटलं, विमलबाईंना भरून आलं. भरून आलंच होतं, पण बसण्याचं कारण ते नव्हतं. ते कारण तुला सांगायचं आहे, म्हणून आज वही घेऊन बसले आहे. अंगणवाडीतून रिटायर झाल्यापासून पेन हातात धरलं नव्हतं. रजिस्टरची सवय मात्र गेली नाही, समास सोडल्याशिवाय अजूनही लिहिता येत नाही.

तू हे पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, "म्याडमनं अर्ज लिहाले घेतला वाट्टे."

अर्जच समज. पण फार नेटाने लिहिता येणार नाही, हे आधीच सांगते. थकले आहे. गुडघे थकले ते वेगळं. आयुष्यभर ज्या बाजूने ओरडत आले, त्या बाजूला आता बसायलासुद्धा जागा उरली नाही, हा थकवा त्याहून मोठा आहे.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर होते. कारंज्याच्या गाडीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले. पांढरा सदरा, हातात पिशवी. तुझ्या माहेराकडचे असावेत. त्यांनी पानठेल्यावर विचारलं, "पंचफुलाबाईचं घर कोन्तं?" ठेलेवाल्याने डोकं खाजवलं. शेजारच्याला विचारलं, त्यालाही सांगता येईना. मग एकदम त्याची ट्यूब पेटली. "म्हंजे उभीवाली गेली ते काय? मंग असं सांगा ना. विहाराच्या मांगं, निळं दार." म्हातारे निघाले. दहा पावलं गेल्यावर थांबून मागे वळून पाहिलं, आपण बरोबर घरी चाललो की नाही असं वाटलं असेल त्यांना. मला उठून सांगता आलं असतं. मी बाकावर बसून राहिले.

चाळीस वर्षं ज्या गावात संसार केलास, तिथे तुझं नाव कुणाला आठवलं नाही. माझा शब्द आठवला.

तो शब्द माझा, हेही आता कुणाला आठवत नाही. नव्या सुनांना विचारलं तर एक सांगते, उंच होती म्हणून उभीवाली. दुसरी सांगते, ग्रामपंचायतीला उभी राहिली होती म्हणून. परवा तुझी नात मला म्हणाली, "आजीले बसलेलं कोनी पाह्यलं का? सदा उभीच राहे, कामात." तिचं कारण मला सगळ्यांत आवडलं. तेच खरं असतं तर किती बरं झालं असतं.

खरं काय ते तुला आणि मला माहीत होतं. आता एकटीलाच.

बाटलीच्या मतदानाचा तो उन्हाळा आठव. आपली दोघींची चाळिशी जवळ आली होती. शाळेच्या वाटेवरचं देशीचं दुकान बंद करायचं म्हणून मी गावातल्या बायांच्या सह्या आणि अंगठे गोळा केले. तहसीलमधून माणसं आली आणि बायांचं मतदान ठरलं. चिठ्ठीवर दोन चित्रं. एक बाटली उभी, एक आडवी. दुकान राहावं असं वाटत असेल तर उभीवर शिक्का, बंद व्हावं वाटत असेल तर आडवीवर. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही कळावं म्हणून सरकारने ही युक्ती काढलेली. त्या दीड महिन्यात आपल्या गावाला दोन नवे शब्द मिळाले. दारूच्या बाजूचा तो उभीवाला, विरोधातला तो आडवीवाला. पुरुषांनी चेष्टा करून त्यांचा चोथा केला. पाय घसरून कुणी पडला तरी लोक म्हणायचे, हा पाहा आडवीवाला झाला.

मी घरोघरी चित्र घेऊन फिरायचे. तुझ्या ओट्यावर आले तेव्हा तू भाकरी थापत होतीस. चित्र उचलून पिठाच्या बोटाने त्याच्यावर टिचकी मारलीस.

"आडवी केली, पन बूच त लागेलच हाय हिले," तू म्हणालीस. "सांडली कुठी? नुसती निजली."

माझ्यासोबतच्या बाया हसल्या. मला राग आला. मी म्हटलं, "पंचफुला, तुझ्या नवऱ्याचं, देवरावभाऊंचं, पिणं कुठवर गेलं आहे ते सगळी वस्ती पाहते. तू तरी थट्टा करू नको." तू चित्र परत दिलंस. "नाई करत," म्हणालीस आणि भाकरी उलटलीस. चित्राच्या कोपऱ्याला तुझ्या पिठाचा ठसा तसाच राहिला.

आणि मी तिथेच, तुझ्या ओट्यावर, माझं ते भाषण सुरू केलं. बाळूचं. तू ते किती वेळा ऐकलंस याला गणती नाही. प्रत्येक सभेत, प्रत्येक दारात, जयंतीला, हळदीकुंकवाच्या जागी आपण जो स्नेहमेळावा घ्यायचो त्यात. केनवडला, माझ्या माहेरी, माझा धाकटा भाऊ बाळू दारूने गेला. तो सुधारावा म्हणून आम्ही काय केलं नाही? शेवटी त्याला मागच्या खोलीत कोंडलं. भाकरी खिडकीतून, पाणी खिडकीतून, दारूचा थेंब नाही. किल्ली माझ्या पदराला. तो आतून म्हणायचा, ताई, हातपाय थरथरून राह्यले, दार उघड. मी बाहेरून म्हणायचे, थरथरू दे, विष निघून राह्यलं. मी हलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले आणि तो गेला. "तीन दिवस कोंडला तरी दारूने त्याला सोडलं नाही," हे माझं शेवटचं वाक्य. इथे माझा आवाज फाटायचा आणि बाया डोळ्यांना पदर लावायच्या.

तू कधी पदर लावला नाहीस. खाली पाहायचीस. तुझं काळीज दगडाचं आहे असं मी आमच्या ह्यांना म्हणाले होते.

मतदान झालं, मोजणी झाली, आपण हरलो. थोडक्यात नाही, चांगल्याच फरकाने. ज्या बायांनी माझ्यासोबत गल्लीतून घोषणा दिल्या होत्या, त्यांतल्याच कितीजणींनी आत जाऊन उभीवर शिक्का मारला होता. नवऱ्याच्या धाकाने, कुणाचा भाऊ त्या दुकानात कामाला म्हणून, कुणी नुसतीच घाबरून. मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी विहारासमोर बायांची बैठक घेतली आणि आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक केली. गुप्त मतदान झालेलं. ते तसंच पेटीत राहू द्यायचं, एवढी साधी रीत. मी उठून म्हणाले, "ज्यांनी उभीवर शिक्का मारला त्यांनी हात वर करा."

अंगणवाडीतल्या पोरांना विचारावं तसं. खोडरबर कुणी घेतला, हात वर करा.

कुणी सतरंजीचा धागा ओढते आहे, कुणी लेकराला उगाच थोपटते आहे. मग तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. तुझा. हिरव्या बांगड्या, मनगटावर भाजल्याचा डाग. पूर्ण वर केलेला, कोपरातून न वाकवता.

"मी मारला," तू म्हणालीस.

मी विचारायला हवं होतं, काहून? एवढा एकच शब्द. मी विचारला नाही. मी सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "पाहा बायांनो, ओळखून ठेवा. ही आपल्या वस्तीतली उभीवाली."

आधी एकजण हसली, मग सगळ्या. शंभरावर बायांनी जे केलं होतं ते तुझ्या एकटीच्या नावावर चढलं आणि बाकीच्या मोकळ्या झाल्या. म्हणून तर त्या इतक्या मोठ्याने हसल्या. संध्याकाळपर्यंत शब्द विहिरीवर पोचला, आठवड्यात इंझोरीच्या बाजारात. बाजारात भाजीवालीने तुला त्या नावाने हाक मारली तेव्हा मी मागेच उभी होते. तू ओ दिलीस. मला वाटलं, किती निर्लज्ज बाई आहे.

इतकं होऊन तू माझ्याशी बोलणं सोडलं नाहीस, हे मला कधी उमगलं नाही. मी सोडलं होतं. तूच यायचीस. अंबाडीची भाजी निवडून, पानात गुंडाळून आणायचीस आणि दारातून म्हणायचीस, "उभीवालीची भाजी चालते काय वं म्याडम?" मला हसू यायचं आणि हसण्याचा राग यायचा. मी भाजी घ्यायचे. तुझ्या अंबाडीसारखी अंबाडी या गावात कुणाची नव्हती, हे मी त्या काळातही कबूल करत होते.

आपलं खरं भांडण विहारात झालं. पौर्णिमेला पंचशील म्हणताना मी पाहिलं, चार शीलं तू सगळ्यांच्या बरोबरीने, खणखणीत म्हणतेस आणि पाचव्याला तोंड मिटतेस. नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्या पौर्णिमेला बाहेर चपला घालताना तुला अडवलं.

"पाचवं म्हणायला जीभ जड होते का?"

"जड नाई होत."

"मग?"

तू चपलेचा अंगठा सरळ करत राहिलीस. मग म्हणालीस, "पाचवं म्हनीन त माहं चौथं मोडन, विमल. रोज मी माह्या हातानं ओतून देतो त्याले. आन् इथी येऊन म्हनू का, की मी त्या वाटंले जात नाई? खोटं बोलू नोको, हे बी शीलच हाय ना."

"स्वतःच्या हाताने ओतून देतेस? आणि वरून सांगतेस?"

"इचारलं म्हनून सांगतलं."

मी तेव्हा काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाबासाहेबांचं नाव घेऊन बोलले, ते जास्त लागलं असेल. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "विमल, एक सांगू? तुह्या भावाले..." आणि थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस, फार वेळ. मी म्हटलं, "काय माझ्या भावाला?" तू म्हणालीस, "काई नाई. जाऊ दे. साबन संपली असन घरी, दुकानातून घेऊन जा लागते."

त्या अर्ध्या वाक्यावर मी किती वर्षं रागावून होते. वाटायचं, माझ्या मेलेल्या भावाबद्दल काहीतरी वाईट बोलणार होती, वेळेवर जीभ चावली. नंतरही दोनदा तू असंच वाक्य सुरू करून सोडलंस. एकदा सोयाबीन सोंगताना, शेताच्या धुऱ्यावर भाकरी खाताना. एकदा माझी आई गेली तेव्हा. दर वेळी तुझा शेवट साबणाचा, मिठाचा, नाहीतर शेळी सुटल्याचा.

पुढे दुसरं मतदान झालं आणि आडवी जिंकली. दुकान उठलं. फटाके फुटले, माझा सत्कार झाला, शाल मिळाली. खरं सांगते, त्या शालीची ऊब महिनाभरही टिकली नाही. दुकान उठलं तशी माल मोटरसायकलच्या डिकीतून यायला लागला, कसला ते कुणालाच ठाऊक नाही. प्यायचे ते प्यायचेच. तू मात्र दर दोन-तीन दिवसांनी सकाळच्या गाडीने कारंज्याला जायला लागलीस. हातात नायलॉनची पिशवी, दुपारच्या गाडीने परत. अंगणवाडीच्या दारातून मला स्टँड दिसायचा. तुझ्या पिशवीत काय असतं ते सगळ्यांना माहीत होतं. एकदा मी मुद्दाम रस्ता ओलांडून आले.

"नवऱ्यासाठी दारू आणायला बाई तालुक्याला जाते," मी म्हणाले. "लाज कशी वाटत नाही गं तुला?"

"वाटते ना," तू म्हणालीस. "पन तिले घरी ठेवलं. गाडीत गर्दी राह्यते."

कंडक्टर हसला. तू पण हसलीस. मी हसले नाही. तुझी गाडी निघून गेल्यावर मी पोरांना खिचडी वाढली आणि त्यातल्या एकाला उगाच रागावले.

दोन-तीन वर्षांपूर्वी तुझ्या फेऱ्या बंद झाल्या. देवरावभाऊ पहाटे शेताकडे जाताना दिसायला लागले. ताठ, स्वच्छ धोतर. मी म्हटलं, वयाने सुटली असेल. मागे एका पौर्णिमेला तू पाचवं शीलही म्हणालीस, सगळ्यांच्या मागून, हळूच. मी ऐकलं होतं. मान वळवून पाहिलं नाही. तेवढं तरी करायला काय जात होतं माझं?

आणि मग तू गेलीस. प्यायचा तो राहिला आणि ओतून देणारी गेली, असं बाया म्हणाल्या. मी म्हटलं नाही, पण मनात तेच होतं.

आता पुण्यानुमोदनाच्या सकाळचं सांगते. स्वयंपाकाला हातभार लावायला मी लवकर आले होते. पुरी लाटून दमले म्हणून ओट्यावर टेकले, तर तुझ्या सुनेने, सुजाताने, पाणी आणून दिलं. स्टीलचा जुना ग्लास. पाणी पिऊन ग्लास खाली ठेवणार तेवढ्यात बोटाला काहीतरी खरखरलं. पाहिलं तर बाहेरून खिळ्याने ओढलेल्या रेघा. आडव्या, एकाखाली एक. वरची काठापासून थोडी खाली, शेवटची पार तळाशी. मोजल्या, नऊ होत्या. काही रेघांवर दोन-दोनदा खिळा फिरवलेला.

"हे काय गं?" मी सुजाताला विचारलं.

तिला ठाऊक नव्हतं. "आईचा ग्लास आहे तो. कोणाला देत नव्हत्या. आज ग्लास कमी पडले म्हणून काढला."

कोपऱ्यात देवरावभाऊ बसले होते. त्या दहा दिवसांत मी त्यांना बोलताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "आना इकडं." मी ग्लास दिला. त्यांनी वरच्या रेघेवर अंगठा ठेवला.

"इथून सुरू केलं तिनं," ते म्हणाले. "मतदानाच्या आंधीचं सांगतो. मले कोंडलं होतं एकडाव, दोन दिवस. दुसऱ्या दिवशी झटके आले. फेस आला तोंडाले. तिनं दार उघडलं, बैलबंडीत टाकून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिच्यावर भडकला. म्हने, बाई, इतक्या वर्साचा पेनारा, त्याची अशी एकदम बंद करतेत काय? जीव जाते मानसाचा. भरती करा, नाई त निदान हळूहळू उतरवा. भरती झालो त मी पळून आलो. मंग तिनं हा ग्लास घेतला." अंगठा एक रेघ खाली सरकला. "महिनोमहिने एका रेघंवर ठेवे. मी भांडो, मारो बी. ते रेघ नाई सोडे. मी चोरून पेलो की पुन्हा वरच्या रेघंवर. पुन्हा खाली. अशी वर्सं गेली, बाई."

मला पुढचं दिसायला लागलं होतं. तरी विचारलं. "म्हणून उभीवर शिक्का मारला?"

"दुकान गावात असलं त ते मोजून आने. मापाची, शिक्क्याची. दुकान उठलं असतं त मी गेलो असतो मोहाची पेवाले, नाल्यावर. तिथी कोन रेघ पाहते?"

"मग मला का नाही सांगितलं? मी सगळ्यांसमोर तिला... भाऊ, तिने एवढं सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी शब्द परत घेतला असता."

देवरावभाऊंनी ग्लास धोतराच्या सोग्याने पुसला. फार सावकाश पुसला.

"मी म्हनलं होतं तिले, सांगून टाक," ते म्हणाले. "त म्हने, विमलचा भाऊ एकडाव मेला, आता दुसऱ्यांदा कायले मारू? उभीवाली म्हनते त म्हनू दे."

पंचफुला, मी तिथेच बसून होते. पुऱ्या तळल्याचा वास येत होता. कुणीतरी मला पीठ संपलं म्हणून हाक मारत होतं. माझ्या डोळ्यांपुढे केनवडची मागची खोली होती आणि पदराची गाठ. थरथरू दे, विष निघून राह्यलं. डॉक्टरांनी तुला जे सांगितलं ते मला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं, हे खरं. मुद्दाम कुणी केलं नाही, हेही खरं. पण ती किल्ली माझ्याकडे होती, आणि तो दार उघड म्हणत होता.

तू ते भाषण कितीदा ऐकलंस. दर वेळी खाली पाहायचीस, आणि मला दगड वाटायचीस. तुझ्या एका वाक्याने माझं तोंड कायमचं बंद झालं असतं आणि तुझं नाव तुला परत मिळालं असतं. ते वाक्य तीनदा तुझ्या ओठांवर आलं. तीनदा तू साबण, मीठ आणि शेळी आणून माझ्यापुढे उभी केलीस. एवढा मोठा उपकार माणसाने माणसावर करू नये. फेडायला जागा तरी ठेवावी.

रागही येतो तुझा. सांगायला हवं होतंस. मी रडले असते, तुला शिव्या दिल्या असत्या, वर्षभर बोलले नसते. पण मग आले असते. एवढा भरवसा तू माझ्यावर ठेवला नाहीस. की तुला माझी पुरती ओळख होती, आणि मी आलेच नसते? हे भांडण आता मी एकटीच भांडते आहे, आणि दोन्ही बाजू मलाच सांभाळाव्या लागतात.

तर, दुपारी माइकपासून परत येऊन का बसले ते हे. पंचशील झालं. चौथं शील म्हणताना माझा आवाज गेला, पाचव्यापर्यंत मी पोचलेच नाही. नंतर नाव पुकारलं. मी उठले. माझ्या तोंडात इतक्या वर्षांचं तयार वाक्य होतं, माझा भाऊ दारूने गेला. दुसरं कुठलंही वाक्य मला येत नाही. समोर देवरावभाऊ बसले होते. मी खाली बसले.

लिहून संपवणार होते. पण काल जे झालं ते सकाळच्या गाडीला निघायच्या आधी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पलीकडच्या तांड्याकडच्या वस्तीतली रंजना आली होती, सोबत तिची सासू. महिला मंडळाची मी अजून अध्यक्ष आहे ना, नावापुरती. रंजनाचा नवरा ऊसतोडीहून आल्यापासून रात्रंदिवस पितो. सासू म्हणाली, "बाई, तुमी सांगता तसंच करतो. ढोराच्या कोठ्यात कोंडतो त्याले. कुलूप आनलं हाय. फक्त तुमी या, तुमाले पाहून तो गप बसन. किल्ली तुमच्यापाशीच ठेवा." आणि तिने खरोखरच पदरातून नवं कुलूप काढून माझ्यापुढे ठेवलं. किल्ली त्यालाच लटकलेली.

माझ्याच भाषणातून आलेलं होतं ते कुलूप. गावोगाव अशी किती गेली असतील, या विचाराने मला काल झोप आली नाही.

मी म्हणाले, "कोंडू नका. उद्या सकाळच्या गाडीने त्याला दवाखान्यात घेऊन जाऊ, मी सोबत येते. भरती करतील. आणि तिथे पोचेपर्यंत त्याची एकदम बंद करू नका. मागितली तर थोडी द्या. मोजून द्या."

सासूने रंजनाकडे पाहिलं. रंजनाने माझ्याकडे. दोघींनाही वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं. मग सासू हसली, थोडी घाबरून.

"द्या म्हनता? काय बाई," ती म्हणाली, "तुमी बी उभीवाली झाल्या काय?"

मी कुलूप उचलून तिच्या हातात परत दिलं.

"हो," मी म्हणाले.